मागितल्यासारखी दिसणारी माफी

साहेब, आधी घोटभर पाणी प्या आणि फोन सचिवाकडे द्या. एका बाईने तुमच्यावर लैंगिक छळाचा आरोप केल्याची बातमी आली म्हणजे सगळं संपलं, असं कुणी सांगितलं? तुमच्या मागे वकील आहेत, प्रसिद्धी सांभाळणारी माणसं आहेत, आणि तुमच्या नावावर ज्यांचे पगार निघतात अशी एक फौज आहे, जी आज सकाळपासून तुमच्यापेक्षा जास्त घाबरली आहे. आणि त्या बाईच्या मागे काय आहे? त्या वेळी मैत्रिणीला पाठवलेला एखादा मेसेज, आणि 'मग इतकी वर्षं गप्प का होतीस?' असं विचारणारं अख्खं जग. तेव्हा घाई नको. पण माफी मागावी लागेल. म्हणजे मागितल्यासारखी दिसावी लागेल.

आता कुणाची मागायची? तिची सोडून सगळ्यांची. कुटुंबीयांची मागा, चाहत्यांची मागा, सहकाऱ्यांची, भागधारकांची, ज्या संस्थेने तुम्हाला घडवलं तिची मागा. यादी लांबलचक ठेवली की त्यात एक नाव नाही हे चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

नमुना हवा असेल तर हॉलिवूडचे निर्माते हार्वी वाइनस्टीन यांचं 5 ऑक्टोबर 2017 चं निवेदन समोर ठेवा. सुरुवातच अशी की, मी साठ-सत्तरच्या दशकांत वाढलो, तेव्हा वागण्याचे आणि कामाच्या जागेचे नियम वेगळे होते. किती सोय पाहा! दशकाला समन्स बजावता येत नाही. पुढे मानसोपचार आले, स्वतःच्या आतल्या राक्षसांशी लढण्याचा निश्चय आला, एका रॅपरच्या गाण्याचा दाखला आला (ओळ त्या गाण्यात नव्हतीच, पण पश्चात्तापाच्या भरात एवढं चालतं), आणि मग अचानक बंदुका! अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या संघटनेविरुद्ध आता आपला सगळा राग वळवणार, अशी घोषणा. शेवटी एका विद्यापीठात महिला दिग्दर्शकांसाठी 50 लाख डॉलरच्या शिष्यवृत्त्या, आईच्या नावाने. त्या विद्यापीठाने पैसे नाकारले, तो करंटेपणा त्यांचा. एका पानात आई, राक्षस, बंदुका आणि दानधर्म. सगळ्या स्त्रियांबद्दल आदर आहे, हेही आहे. कुठल्या बाईशी काय केलं, एवढंच तेवढं बसलं नाही.

पुढे हेच गृहस्थ तुरुंगात गेले, म्हणून पत्राला बोल लावू नका. खरं काम पत्राच्या आधी वीस वर्षं करून ठेवायचं असतं, आणि तेही त्यांनी केलं होतं. त्यांच्या लंडनच्या कार्यालयात झेल्डा पर्किन्स नावाची सहायक होती. सहकारी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रयत्नाची तक्रार घेऊन ती 1998 मध्ये वकिलांकडे गेली आणि न्यायालयाऐवजी एका करारापाशी पोचली. पैसे मिळाले, तोंड बंद झालं. या कराराची कारागिरी बारकाईने बघण्यासारखी आहे. डॉक्टरांशी या विषयावर बोलायचं तर आधी त्यांचीही गुप्ततेच्या कागदावर सही हवी. आणि जो करार मोडला तर आपलं वाटोळं होणार, त्याची पूर्ण प्रत जवळ ठेवायची परवानगी तिला नव्हती. काय बोलायचं नाही हे पाठ करून बाहेर पडायचं. तिने तो करार उघडपणे मोडला 2017 मध्ये. म्हणजे एकोणीस वर्षं. या एकोणीस वर्षांत साहेब किती सिनेमे काढतात, किती पारितोषिकं घेतात! तुमच्याकडे असे कागद नसतील, तर खरंच वाईट वाटतं. आता मसुद्यावरच भागवावं लागेल.

मसुद्यात क्रियापदांना फार जपा. 'केलं' येऊ द्यायचं नाही, 'घडलं' चालेल. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं की, माझ्या काही बोलण्याचा नकोशी सलगी असा चुकीचा अर्थ लावला गेला, आणि तसं कुणाला वाटलं असेल तर त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणजे चूक ऐकणारीच्या कानात झाली आणि साहेबांनी तिच्याबद्दल सहानुभूती व्यक्त केली. ऑगस्टमध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलचा अहवाल आला, त्यात अकरा स्त्रिया. साहेबांनी उत्तरादाखल फोटोंची मालिकाच दाखवली: मी म्हाताऱ्यांना मिठ्या मारतो, पुरुषांचे मुके घेतो, नेत्यांचे घेतो, सर्वांचे घेतो. आठवडाभरात राजीनामा जाहीर करताना ते म्हणाले, माझ्या मते मी कधीच कुणाबाबत मर्यादा ओलांडली नाही, पण मर्यादेची रेषा इतकी नव्याने आखली गेली आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. साहेब होते तिथेच होते. रेषाच सरकत सरकत त्यांच्या पायाखाली आली.

हे जमलं नाही तर 'आठवत नाही' आहेच. आठवत नाही म्हणणाऱ्याला खोटारडा ठरवता येत नाही, आणि तिला मात्र तारीख, वेळ, अंगावरचे कपडे, कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं, सगळं मिनिटामिनिटाने सांगावं लागतं. त्यातली एक गोष्ट इकडची तिकडे झाली की तुमचं काम झालं. सुंठीवाचून खोकला गेला.

लेखी निवेदन पुरेसं वाटत नसेल तर व्हिडिओ करा. खुर्ची साधी. मागे पुस्तकं चालतील, पुरस्कारांच्या बाहुल्या काढून ठेवा. कोपऱ्यात एक जरी राहिली तरी संध्याकाळपर्यंत तिच्यावरच विनोद फिरतात. दाढी दोन दिवसांची. घड्याळ नको, पण ते काढल्यावर मनगटावर जो पांढरा पट्टा राहतो त्याच्यावर थोडा रंग लावून घ्या, महाग घड्याळाचा पट्टाही महागच दिसतो. आवंढा तिसऱ्या वाक्यानंतर. पहिल्या टेकला डोळ्यांत पाणी आलं तर ठेवा, आठव्याला आलं तर काढून टाका. बायकोला शेजारी बसवायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, तिचा चेहरा लोक फार वेळ बघतात.

घरची माणसं वापरायचीच असतील तर स्पेनच्या फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांच्याकडून शिका. 2023 चा महिला विश्वचषक जिंकल्यावर पदक देताना त्यांनी जेनी एरमोसो या खेळाडूचा, अख्ख्या जगाच्या देखत, ओठांवर मुका घेतला. पाच दिवसांनी भाषणात 'मी राजीनामा देणार नाही' हे त्यांनी पाच वेळा सांगितलं, समोर बसलेल्या स्वतःच्या मुलींना खरं-खोटं ओळखायला शिकवलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्यांच्या आईने चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेऊन उपोषण केलं. मुका मुलाने घ्यायचा आणि उपाशी आईने राहायचं, अशी कामाची वाटणी फार थोड्या घरांत जमते. सप्टेंबरमध्ये राजीनामा द्यावा लागला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने लैंगिक अत्याचाराबद्दल 10,800 युरो दंड केला. आकडा नीट वाचा साहेब. घाबरण्यासारखं त्यात काही आहे का?

ताजा कलम टाळावा. प्रसिद्ध शेफ मारिओ बटाली यांनी डिसेंबर 2017 मध्ये वाचकांना माफीचं पत्र पाठवलं आणि खाली पिझ्झाच्या कणकेच्या दालचिनी रोलची पाककृती जोडली. पुढे बॉस्टनच्या एका खटल्यात ते निर्दोष सुटले, पण पाककृतीतून अजून सुटलेले नाहीत.

माफी स्वभावातच नसेल तर अब्रुनुकसानीचा दावा आहे. आपल्याकडे माजी केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी 2018 मध्ये आरोप फेटाळले आणि पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर फौजदारी खटला भरला. वकीलपत्रावर 97 वकिलांची नावं होती. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवलं, वर हेही म्हटलं की स्त्रीला आपली तक्रार तिला हव्या त्या व्यासपीठावर, अनेक दशकांनीही मांडता येते. निकाल गेला असं म्हणू नका. मधली दोन वर्षं बाई तारखांना हजर होत्या, आणि हे बाकीच्या बायकांनी बघितलं.

संस्थेची अब्रूही जपायची असेल तर समिती नेमा. समिती नेमली की 'चौकशी सुरू असल्याने भाष्य करणं योग्य नाही' हे वाक्य सगळ्यांना फुकट मिळतं. केरळमध्ये हेमा समितीने मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या परिस्थितीवरचा अहवाल डिसेंबर 2019 मध्ये सरकारला दिला. लोकांना तो दिसला ऑगस्ट 2024 मध्ये, तोही काही भाग गाळून.

आता पुनरागमन. यात विनोदवीर लुई सी. के. यांना तोड नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये पाच स्त्रिया त्यांच्याविरुद्ध बोलल्यावर त्यांनी पहिल्या फटक्यात 'या गोष्टी खऱ्या आहेत' असं कबूल केलं. लोक भारावले. त्या भरात पुढचं कुणी नीट वाचलं नाही: त्या स्त्रियांना माझ्याबद्दल किती आदर होता, हे पुन्हा पुन्हा आहे; पश्चात्ताप झाल्याचंही आहे; थेट माफीचा शब्द मात्र कुठेच नाही. शेवट असा की, आयुष्यभर मी बोलत आलो, आता मागे सरून दीर्घकाळ ऐकणार आहे. हा दीर्घकाळ साडेनऊ महिन्यांचा निघाला. ऑगस्ट 2018 मध्ये ते न्यूयॉर्कच्या मंचावर होते, आणि 2022 मध्ये सर्वोत्तम विनोदी अल्बमचा ग्रॅमी हातात होता. साडेनऊ महिन्यांत काय ऐकलं, हे कुणी विचारलं नाही. तुम्हालाही विचारणार नाही. फक्त तिला पुन्हा काम मिळालं का, असा प्रश्न मुलाखतीत येऊ नये एवढी तजवीज आधी करून ठेवा.

एका माणसापासून मात्र सावध राहा. डॅन हार्मन नावाचा मालिका-लेखक आहे. मेगन गांझ ही लेखिका त्याच्या हाताखाली काम करायची. जानेवारी 2018 मध्ये तिने जाहीरपणे विषय काढल्यावर हा गडी स्वतःच्या पॉडकास्टवर बसला आणि ओळीने सांगत सुटला: आपला तिच्यावर जीव जडला होता, लोकांनी सावध केलं तरी ऐकलं नाही, तिने नकार दिल्यावर तिला कामात वाईट वागवलं, आणि हे सगळं आपण करू शकलो कारण त्याचा विचारच करायचा नाही असं ठरवलं होतं. दशक नाही, राक्षस नाहीत, आई नाही. सगळी वाक्यं 'मी'ने सुरू आणि 'केलं'ने संपलेली. कुठल्याही शुद्धीवरच्या वकिलाने माइकची वायर उपटली असती. आणि गंमत बघा, गांझने लोकांना सांगितलं की माफी कशी मागावी ते इथे ऐका, आणि त्याला माफ केलं.

असलं काही तुम्हाला सुचेल अशी भीती मला वाटत नाही. त्यासाठी काय केलं ते सगळं आठवावं लागतं, आणि आठवत नाही असं आपण लेखी देऊन बसलोय.