एसीवरचे लेबल आणि आईची वही

आज दुपारी रत्नागिरीत धाकट्या बहिणीबरोबर एसी घ्यायला गेलो होतो. विक्रेत्याने फाइव्ह स्टार एसीच्या लेबलवर बोट ठेवले आणि थ्री स्टारपेक्षा वर्षाला किती युनिट वाचतील, ते ठणकावून सांगितले. एसी दिवसाला किती तास चालणार, हे त्याने विचारलेही नाही. त्याचा काय दोष? ते लेबलच विचारत नाही.

लेबलवरचा वार्षिक वापर वर्षाला १६०० तास धरून काढतात आणि बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान धरतात. साऱ्या देशाला हाच हिशेब. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, इथे रत्नागिरीत तो फार चढत नाही पण घामाने जीव नकोसा होतो, आणि तरीही दोन्हीकडची बचत सारखीच!

अकोल्याला माझी आई गेली बावीस वर्षे दर एक तारखेला मीटरचे रीडिंग वहीत लिहिते. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथे फाइव्ह स्टार एसी बसवला. लेबलप्रमाणे बचत सुरू झाली. वहीप्रमाणे मे महिन्याचे युनिट दुपटीच्या वर गेले, कारण त्या खोलीत त्याआधी कूलर होता. ज्या थ्री स्टार एसीच्या तुलनेत आम्ही वीज वाचवली, तो आमच्या घरात कधी आलाच नव्हता. "वाचले म्हणता, मग गेले कुठे?" असे आईने विचारले, तेव्हा मी विषय बदलला.

संताप याचा आहे की असेच गृहीत आकडे पुढे देशाची बचत म्हणून मिरवले जातात. २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि बचत मांडली ती बल्बांच्या संख्येला ठरावीक आकड्याने गुणून. स्वयंपाकघरातला बल्ब आणि माळ्यावरचा बल्ब त्यात सारखाच. त्या योजनेने एलईडी स्वस्त केला, एवढे श्रेय मी देतो.

यावर प्रत्येक राज्याने आपापला हिशेब करावा, असे कोणी सुचवू नये. मग जो तो आपल्याला शोभेल तेवढे तास धरील. मोजण्याची रीत सर्वांची एकच हवी, तास आणि तापमान मात्र त्या त्या ठिकाणचे. अमेरिकेच्या वायव्य भागातील वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो आणि मोंटाना या राज्यांसाठी १९९९ पासून एकच तांत्रिक मंच बचतीचे आकडे ठरवतो, आणि जिथे हवामानाने फरक पडतो तिथे ते विभागवार वेगळे देतो. आपल्याकडेही इमारतींच्या ऊर्जासंहितेत देशाचे पाच हवामान विभाग आखलेलेच आहेत. मग एसीच्या लेबलला ते का चालत नाहीत? दुकानात दोन यंत्रांची तुलना करायला एकच आकडा सोयीचा असतो, हे मान्य; पण तुलनेचा आकडा बचतीचा म्हणून विकू नये.

असो. आईची तक्रार नाही. बाबांना आता मे महिन्यात रात्री झोप लागते, आणि त्या वाढलेल्या युनिटांखाली तिने रेघसुद्धा ओढलेली नाही.

बहिणीने शेवटी फाइव्ह स्टारच घेतला. येताना मी तिला एक दोनशेपानी वही घेऊन दिली तेव्हा ती हसली, पण एसी बसण्याआधीचे पहिले रीडिंग लिहून तिने मघाशीच मला फोटो पाठवला आहे.