मत दिलं महायुतीलाच, तरी विरोधी पक्षनेत्याची ती रिकामी खुर्ची खुपते

डिसेंबर २०२४. मामाचा लाल कांदा घेऊन ट्रॅक्टर लासलगावला निघाला होता, मी मडगार्डवर. भाव रोज उतरत होते, केंद्राचं २० टक्के निर्यातशुल्क तसंच होतं आणि माझ्या मोबाइलवर नागपूर अधिवेशनाची बातमी. मामाने विचारलं, "आपल्यासाठी कोण भांडतंय रे तिथं?" म्हटलं, "सगळे आपलेच आहेत." मामा म्हणाला, "तेच तर."

आपल्या नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा. १४ महायुतीच्या, मालेगाव मध्य तेवढी एमआयएमची, तीही १६२ मतांनी. महाविकास आघाडी शून्य! सहाच महिन्यांपूर्वी याच जिल्ह्याने लोकसभेला कांद्याचा राग काढून नाशिक आणि दिंडोरी दोन्ही आघाडीला दिले होते. मधल्या काळात लाडक्या बहिणींचे दीड हजार सुरू झाले. मामीच्याही खात्यात आले. तिला विकलं गेलेलं मत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांनी कधी मामीच्या पिशवीत डोकावलेलं नसतं.

आणि हो, मीही महायुतीलाच मत दिलं. पस्तावा नाही.

पण २८८ च्या सभागृहात एकट्या भाजपचे १३२ निवडून आले आणि विरोधातला सर्वांत मोठा पक्ष, ठाकरे गट, २० चा. दहा टक्के आमदार म्हणजे २९ हवेत, म्हणून विरोधी पक्षनेता नाही, असं सांगतात. १९७८ च्या राज्याच्या कायद्यात मात्र हा आकडा नाही. विरोधातला मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. दिल्लीत २०१५ ला ७० पैकी ३ आमदार असलेल्या भाजपला 'आप'च्या राज्यात हे पद मिळालं होतं. इथे ठाकरे गटाने मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधवांचं नाव दिलं, तरी पावसाळी अधिवेशनही तसंच उरकलं.

सत्तेतले आमदार प्रश्न मांडतच नाहीत असं नाही. मांडतात. पण ज्याला निधी हवाय, महामंडळ हवंय, तो मंत्र्याला कितीसा कोंडीत पकडणार? विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, तो उभा राहिला की ऐकून घ्यावं लागतं. तो असता तर शुल्क लवकर उठलं असतं असा माझा दावा नाही, ते दिल्लीच्या हातात. निदान मामाला एक नाव तरी सांगता आलं असतं.

१ एप्रिल २०२५ ला शुल्क गेलं. तोवर मामाचा लाल कांदा कधीच विकून झाला होता, मळ्यात उन्हाळ कांदा चाळीत भरायची घाई चालली होती.