रामस्टाइन जर्मनीचंच आहे, आणि खरी अडचण तीच आहे

युक्रेनला शस्त्रं देणाऱ्या देशांची पहिली बैठक २६ एप्रिल २०२२ला नैर्ऋत्य जर्मनीतल्या रामस्टाइन या अमेरिकी हवाई तळावर झाली. तेव्हापासून एक मजकूर आपल्याकडच्या ग्रुपांवरही अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचा मथितार्थ असा: जर्मनी १९४५पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, रामस्टाइन ही अमेरिकेची जमीन आहे, तिथे जर्मन कायदा चालत नाही, जर्मनीने ठरवलं तरी तळ हलणार नाही, आणि शेजारचं गाव डॉलरवर जगतं, अमेरिकन गेले की ते ओस पडेल. जर्मनीतही हा सूर लावणारी मंडळी आहेत, त्यांना स्वतःच्या देशाचं सरकारच मान्य नाही. आपल्याकडे तो ‘बघा, महासत्तेपुढे कुणाचं काही चालत नाही’ अशा चवीने पुढे ढकलला जातो.

जमिनीचं आधी उरकून टाकू. तळाची जमीन जर्मन संघराज्याची आहे. अमेरिकेला ती वापरायला दिली आहे, आणि तीही भाडं न घेता. मालक एक, राहणारा दुसरा, भाडं शून्य: मुंबईतल्या पागडीवाल्यालाही हेवा वाटेल. शिवाय हा १९४५ला जिंकून घेतलेला तळ नव्हेच. युद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या वाट्याला आला होता. लांडश्टूलजवळच्या दलदलीच्या पट्ट्यात धावपट्ट्या बांधल्या गेल्या त्या १९५०नंतर, शीतयुद्ध तापल्यावर.

‘ताब्यात आहे, काढता येत नाही’ हेही टिकत नाही. दोन्ही जर्मनी आणि चार विजेते देश यांच्यातला करार १५ मार्च १९९१ला अमलात आला आणि विजेत्यांचे उरलेसुरले हक्क संपले. परदेशी सैन्य आज जर्मनीत आहे ते १९५४च्या करारानुसार, आणि दोन वर्षांची नोटीस दिली की तो करार संपवता येतो. ती नोटीस बॉनने (तेव्हाची पश्चिम जर्मनीची राजधानी) किंवा बर्लिनने कधी दिलेली नाही, इतकंच. नोटीस देऊन काय होतं ते बघायचं असेल तर शेजारी फ्रान्स आहे. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६६ला सांगितलं, बाहेर व्हा. १९६७पर्यंत अमेरिकन तळ रिकामे झाले होते.

कायद्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि हा मजकूर खपतो तो त्यामुळेच. नाटोच्या करारानुसार सैनिकांनी यजमान देशाचा कायदा पाळायचा असतो. सैनिकाने ड्युटीवर नसताना स्थानिक माणसाविरुद्ध गुन्हा केला, तर खटला चालवण्याचा पहिला हक्क जर्मनीचा. पण १९५९च्या पूरक करारात जर्मनीने हा पहिला हक्क सरसकट सोडून दिला. एखादं प्रकरण महत्त्वाचं वाटलं, तर ठरावीक मुदतीत तो परत मागण्याची सोय तेवढी ठेवली.

याचा अर्थ काय होतो ते विटलिश या गावात दिसलं. ऑगस्ट २०२३मध्ये तिथल्या जत्रेत २८ वर्षांच्या एका स्थानिक तरुणाचा भोसकून खून झाला. संशय होता जवळच्या स्पांगडालेम तळावरच्या हवाई सैनिकावर. खटला जर्मनांनी अमेरिकेकडे जाऊ दिला. ऑक्टोबर २०२४मध्ये तळावरच्या लष्करी न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं आणि गाव संतापलं. संताप रास्तच होता. पण तो फक्त अमेरिकेवर काढून भागणार नाही, कारण हक्क परत मागण्याची तरतूद जर्मन अभियोक्त्यांच्या हातात होती.

ड्रोनचंही तसंच. येमेनमध्ये २०१२ला झालेल्या हल्ल्यात मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी दावा लावला तो थेट जर्मन सरकारवर: ड्रोनचे सिग्नल रामस्टाइनमधून पुढे जातात, मग तुम्ही काय करताय? म्युन्स्टरच्या न्यायालयाने २०१९ला सरकारला सांगितलं, आंतरराष्ट्रीय कायदा पाळला जातो की नाही ते नीट तपासा. लाइपत्सिशच्या वरच्या न्यायालयाने २०२०ला तो निकाल फिरवला. १५ जुलै २०२५ला कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने नातेवाइकांची तक्रार फेटाळली. पण परदेशातल्या परदेशी माणसाबाबतही, ठरावीक अटींत, जर्मन राज्यावर संरक्षणाची जबाबदारी येऊ शकते हे मान्य केलं. अख्खा वाद जर्मनीने काय करायला हवं होतं यावर झाला. देश पारतंत्र्यात आहे असं एकदा ठरवलं की हा प्रश्नच उरत नाही, आणि बर्लिनच्या दृष्टीने याहून सोयीचं दुसरं काही नसेल.

आता गाव. रामस्टाइन-मीझेनबाख हे जेमतेम आठ हजार वस्तीचं. जवळच्या कायझर्सलाउटर्न शहराच्या आसपास मिळून अमेरिकन मात्र पन्नास हजारांच्या घरात: सैनिक, कर्मचारी, त्यांची कुटुंबं. पैसा येतो हे खरंच. घरमालकांना अमेरिकन भाडेकरू हवाच असतो. फर्निचरच्या दुकानात तो तळावरच्या कार्यालयातून आणलेला फॉर्म काउंटरवर ठेवतो आणि बिलातला १९ टक्के कर गळतो. फॉर्म चालतो अशी पाटी दुकानदार मुद्दाम लावतात. पण सगळाच डॉलर गावात येतो असं नाही. तळाच्या आत २००९मध्ये भलंमोठं व्यापारसंकुल उघडलं, दुकानं, खाणावळी, सिनेमा, हॉटेल यांच्यासकट. गावातला माणूस तिथे खरेदी करू शकत नाही, आणि आतला माणूस तेवढी खरेदी बाहेर करत नाही.

नोकऱ्यांचा हिशेबही उलटा निघू शकतो. २०२५च्या ऑक्टोबरात अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडलं, तेव्हा देशभरातल्या अमेरिकी तळांवरच्या सुमारे ११ हजार जर्मन कर्मचाऱ्यांच्या पगाराची तजवीज जर्मनीच्या तिजोरीतून करावी लागली. आणि विमानांचा आवाज, भूजलात उतरलेली आग विझवण्याच्या फेसातली रसायनं (स्पांगडालेम, बिटबुर्गकडचे लोक यावर बोलतात), हे कुठल्या खात्यात धरायचं? २८ ऑगस्ट १९८८ला याच तळावरच्या हवाई कसरतींत तीन इटालियन विमानं एकमेकांवर आदळली, एक जळत प्रेक्षकांत घुसलं. सत्तर माणसं गेली. विमानं इटलीची, तळ अमेरिकेच्या वापरातला, बघायला आलेले बहुतेक जर्मन.

अमेरिकन गेले की गाव मरतं का? याच राज्यात, म्हणजे ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेटमध्ये, उदाहरणं आहेत. त्स्वाइब्रुकेनचा तळ १९९१ला बंद झाला. तिथला नागरी विमानतळ चालला नाही, २०१४ला दिवाळं निघालं. पण जुन्या तळाच्या आवारात मोठं आउटलेट मॉल उभं राहिलं, शहरातल्या जुन्या अमेरिकन बराकींत उच्चशिक्षण संस्था आली. हानचा तळ १९९३ला रिकामा झाला, तिथला विमानतळ रायनएअर या स्वस्त विमान कंपनीमुळे काही वर्षं गजबजला, आणि २०२१ला तिथेही दिवाळखोरी. दोन्ही ठिकाणी बरीच वर्षं ओढाताण झाली, सरकारचा पैसा ओतला गेला. फार सुखाची गोष्ट नाही, पण ओसही पडली नाहीत.

भीती मात्र खरी आहे. २०२०च्या उन्हाळ्यात ट्रम्प सरकारने जर्मनीतून सुमारे १२ हजार सैनिक हलवायची घोषणा केली. त्या जुलैत बव्हेरिया, हेसे, बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट या चार राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना पत्रं लिहिली. मागणी होती, सैन्य नेऊ नका.