तुम्ही आमचं तपासा, आम्ही तुमचं

'क्रायटेरिया फाइव्ह माझ्याकडे आलाय' असं घरी सांगितलं तर बायको म्हणे, मग डॉक्टर काय म्हणाले? तिचंही बरोबरच आहे म्हणा. कॉलेजांची तपासणी करून ग्रेड देणारी जी नॅक नावाची संस्था आहे, तिचे असे सात क्रायटेरिया म्हणजे निकष असतात आणि ज्याच्या वाट्याला जो आला तो त्याला रिटायर होईपर्यंत पुरतो. माझ्याकडे 'विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती' आहे. म्हणजे विद्यार्थ्यांसाठी आपण काय काय केलं याचे पुरावे गोळा करायचे आणि त्या नादात विद्यार्थ्यांचेच तास बुडवायचे.

नॅक यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 1994 ला काढली, ऑफिस बेंगळुरूला, आणि उद्देश एकदम रास्त, की बाहेरच्या कोणीतरी येऊन बघावं, हे कॉलेज शिकवतं की नुसतंच चालतं. पण ती मोठी कमिटी यायच्या आधी रंगीत तालीम लागते, तिला ॲकॅडमिक ऑडिट म्हणतात, आणि तेही बाहेरच्याच माणसांकडून करून घ्यायचं असतं. आता आमच्या जळगाव जिल्ह्यात बाहेरचा माणूस आणायचा कुठून? शेजारच्या तालुक्यातले प्राचार्य आमच्या अध्यक्षांचे व्याही निघतात, दुसरे सर आमच्या कॉमर्सवाल्यांचे पीएचडीचे गाइड, आणि तिसरे पाहुणे निःपक्षपाती वाटत होते तेवढ्यात कळलं की पुढच्या महिन्यात त्यांच्या कॉलेजचं ऑडिट करायला आम्हीच जाणार आहोत. तरी आपलं बरंय, हिशोब फार तर जेवणावर भागतो. मोठ्या लेव्हलला काय चालतं ते फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षालाच लाच प्रकरणात उचललं तेव्हा सगळ्या देशाने पेपरात वाचलं.

2017 पासून साधारण 70 टक्के मार्क आकड्यांवर आणि अपलोड केलेल्या कागदांवर असतात, कमिटीच्या डोळ्यांवर उरलेले. त्यामुळे जिओटॅग फोटोला, म्हणजे ज्यावर जागेचा पत्ता छापून येतो त्या फोटोला, आमच्याकडे देवाच्या खालोखाल मान आहे. एनएसएसच्या पोरांनी मागे खरंखुरं राबून बंधारा बांधला होता, त्यात आजही पाणी अडतं, गुरं पितात, पण फोटोवर अक्षांश-रेखांश नाहीत म्हणून तो बांधलेलाच नाही असं धरायचं. उलट ऐन मे महिन्यात, पारा 44 वर, आम्ही वृक्षारोपण केलं त्याचे फोटो कसे लख्ख, तारखेसकट, वेळेसकट. खड्ड्यात रोप धरून सगळे उभे राहिलो, प्राचार्य साहेबांच्या हातात झारी, आणि आमचे शिपाई आप्पा मागून म्हणे, "याच गड्डामा मांगे बी झाड लायेल व्हतं ना, सर!" आप्पांना फोटोतून बाजूला केलं.

मग नॅकचं समाधान सर्वेक्षण. ते म्हणजे विद्यार्थ्यांच्या ईमेलवर थेट प्रश्न येतात, कॉलेजला मधे हात घालता येऊ नये म्हणून. किमान 10 टक्के किंवा 100 विद्यार्थी, जो आकडा कमी असेल तेवढ्यांची उत्तरं यावी लागतात. फक्कड आयडिया! फक्त आमच्या पोरांचे ईमेल ॲडमिशनच्या वेळी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेवाल्याने काढलेले, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि अर्ध्या फॉर्मवर तर सरळ त्याचाच ईमेल. तो धावत आला, "सर, मला विचारताय सिलॅबस किती टक्के पूर्ण झाला, काय टाकू?" मी म्हटलं, बाबा, मला विचारू नको, हे सर्वेक्षण स्वतंत्र आहे, फक्त ती वही दे. मग दोन दिवस मी पोरांना पासवर्ड वाटत बसलो. त्यातली निम्मी पोरं केळीच्या बागेत घड वाहायला गेलेली, त्यांना फोनवर स्पेलिंग सांगत होतो.

आणखी एक गंमत. मंजूर जागांपैकी पूर्णवेळ शिक्षक किती भरलेत, यालाही मार्क आहेत. जागा मंजूर करणार सरकार, भरायची परवानगी देणार सरकार, आणि ती नाही मिळाली की मार्क आमचे जाणार. आमचे इंग्रजीचे सर रिटायर झाले तेव्हापासून खुर्ची रिकामीच आहे, तासिका तत्त्वावर एक मॅडम येतात, त्या सकाळी आमच्याकडे, दुपारी भुसावळला, एसटी चुकली की दोन्हीकडचा तास गेला. त्यांच्या मानधनाचं बिल कुठल्या टेबलावर अडकलंय, हे विचारणारा क्रायटेरिया सातही धुंडाळले तरी मला सापडला नाही.

शेवटी डिसेंबरात ऑडिट झालं. बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कळण्याच्या पुऱ्या, वर मिरचीचा ठेचा, कमिटी सुस्तावली. त्यानंतर विद्यार्थ्यांशी संवाद. आम्ही बोलणारी पोरं निवडून बसवलेली, त्यांना काय बोलायचं तेही ठरलेलं, पण एफवायची एक पोरगी मागून उठली आणि म्हणाली, "सर, आमचा इंग्रजीचा तास दिवाळीपासून झाला नाही, तो कोणाला विचारायचा?" प्राचार्य साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी कॉमर्सवाल्यांकडे, त्यांनी आपल्या गाइडकडे. कमिटीच्या अध्यक्षांनी चष्मा लावून वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, छान, बस.

आठवड्याने अहवाल आला. बलस्थानं, मुद्दा पहिला: "विद्यार्थी निर्भीडपणे व आत्मविश्वासाने संवाद साधतात." हे माझ्या क्रायटेरियात धरलं गेलं म्हणून स्टाफ मीटिंगमध्ये माझा नारळ-टोपी देऊन सत्कार झाला, जिओटॅग फोटोसकट. पोरगी अजून विचारतेय. परवा त्या तिसऱ्या पाहुण्यांच्या कॉलेजचं ऑडिट करायला आम्ही जाणार आहोत, जेवणात शेवभाजी चालेल का म्हणून त्यांचा फोन येऊन गेला.