दुकानात मिळतं म्हणून आलुला वाचलं?

हवाईच्या आलुला या झाडाचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. फोटो देखणा आहे: बुंध्याशी फुगलेलं खोड, वर कोबीसारखा पानांचा गड्डा, लांब नळीची पिवळी फुलं. मजकूर म्हणतो, परागण करणारा पतंग नामशेष झाला म्हणून झाड संपत आलं. शास्त्रज्ञांनी दोरीला लटकून हाताने परागण केलं आणि ते वाचलं. आता युरोपात ते घराघरांत आहे, तुम्हीही एक घ्या नि संवर्धनाला हातभार लावा.

पतंगापासून सुरुवात करू. लांब नळी, फिका रंग आणि सुगंध यांवरून लांब सोंडेचा निशाचर पतंग हे काम करत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. काउआई बेटावरचा हिरवा स्फिंक्स पतंग हा त्यातला मुख्य संशयित. पण तो नामशेष नाही. कित्येक दशकं दिसला नव्हता, पुढे पुन्हा सापडला. शिवाय सगळा दोष पतंगावर टाकला की शेळ्या अलगद सुटतात! बाहेरून आणलेल्या शेळ्या, उंदीर, परदेशी तण, कोसळणारे कडे आणि १९९२चं इनिकी चक्रीवादळ, एवढ्यांचा मार या झाडाने खाल्लाय.

दोरीची गोष्ट खरी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीव्ह पर्लमन १९७०च्या दशकात काउआईच्या ना पाली किनाऱ्यावरच्या कड्यांवर लटकून हे करत होते. त्यातून बी हाती आलं, आणि ते काम लहान नव्हे. रानातली झाडं मात्र घटतच गेली. १९९४ मध्ये अमेरिकेने आलुलाला संकटग्रस्त यादीत टाकलं. २०१४ मध्ये रानात एकच झाड उरल्याची नोंद आहे. वाचलं ते बागांमध्ये.

राहिली कुंडीत रोप लावून संवर्धन करायची गोष्ट. रोपांची संख्या आणि त्यांच्यातली जनुकीय विविधता या वेगळ्या गोष्टी. मोजक्या मातृवृक्षांपासून हजारो रोपं केली तरी ती शेवटी भावंडंच. म्हणून शिकागो बोटॅनिक गार्डन आणि इतर उद्यानं प्राणिसंग्रहालयांसारखी वंशावळ ठेवून कुणाचे पराग कुणाला द्यायचे ते ठरवतात. दुकानातल्या रोपाचे आईबाप विकणाऱ्यालाही ठाऊक नसतात, मग त्याचं नाव त्या वंशावळीत कुठे लिहायचं?

हौस म्हणून जरूर घ्या. पाणी मात्र बेताने घाला, खोड कुजतं.