पाण्यात राहून वाळवणाशी वैर

चीनमधल्या सुझौ शहराजवळच्या थोंगली गावातले कालवे आणि कमानी पूल फोटोत पाहून लोक मला म्हणतात, ‘चैन आहे तुझी!’ मी इथे शाळेत इंग्रजी शिकवतो. पण जूनच्या मध्यापासून शिकवणं हा जोडधंदा. मुख्य धंदा कपडे वाळवण्याचा.

यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात तेव्हा ‘मेइयू’, म्हणजे प्लम पिकण्याच्या दिवसांतला पाऊस, ठाण मांडून बसतो. कोकणातला माणूस म्हणेल, पावसाचं कौतुक आम्हाला सांगता? कबूल. पण कोकणात चूल होती, चुलीच्या वर वलणी होती. इथे भिंतीला लागून कालवा आणि पायाखाली दगडी फरशी. फरशी थंड, बाहेरची हवा उबदार आणि दमट. नवखा माणूस ‘जरा वारा खेळू दे’ म्हणून खिडकी उघडतो. हवेतलं पाणी फरशीवर उतरतं, आणि हा बसतो पुसत. मग खिडकी लावायला जावं, तर फुगलेली लाकडी झडप चौकटीत बसत नाही.

तेव्हा खिडक्या बंद. कपडे मशीनमध्ये दोनदा पिळायचे, सगळ्यात लहान खोलीत वीतभर अंतरावर टांगायचे, एसी ‘ड्राय’वर आणि खालून टेबलफॅन. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढायचे. एवढं करूनही कंबरपट्टा ओला निघतो, तो वेगळ्याच मातीचा असतो.

कपाटात कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या लटकवतात. वरचे खडे ओल शोषतात, खालच्या कप्प्यात पाणी साचतं. कपाटाचं दार घट्ट लावलं नाही, तर पिशवी बिचारी अख्खा कालवा सुकवायला निघते. हे खारट पाणी चामड्याच्या बुटांवर सांडलं, की बुटांना राम म्हणावं.

नेमक्या याच दिवसांत वार्षिक परीक्षा. कागद ओल धरतो आणि झेरॉक्स मशीन दोन-दोन पानं एकदम ओढतं. म्हणून रीमचं वेष्टण आयत्या वेळी फोडायचं, गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा, उरलेला पुन्हा गुंडाळायचा. तरीही पेपरात एखादं पान कोरं निघतंच. ते ज्याच्या वाट्याला येतं तो पोर तोंडातून ब्र काढत नाही.

या सगळ्या ओलीवर उपाय डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत साठवणारं यंत्र. पण पार्सल जुन्या गावाबाहेर येतं, आणि पायऱ्यांच्या पुलावरून स्कूटर जात नाही. इथे थायपिंग, जिली आणि छांगछिंग हे तीन पूल ओलांडले की भाग्य उजळतं अशी समजूत. नवरा-नवरी वाजतगाजत ओलांडतात. वजनदार खोकं छातीशी धरून, शेवाळलेल्या पायऱ्या पावलांनी चाचपत येणाऱ्यालाही पर्यटक फोटोसाठी थांबवतात. यंत्र घरी पोचलं की त्याची टाकी भरते, रिकामी करायची, पुन्हा भरते. टाकी भरली की ते आपोआप बंद पडतं, आणि हे बहुधा आपण वर्गात असतानाच घडतं. नळी लावून मोरीत सोडायची सोय आहे का, एवढं विकत घेतानाच बघावं.