काळ्या खिडकीचे मौनव्रत

रास्पबेरी पाय नावाच्या ज्या चिमुकल्या संगणकाला ना पडदा जोडलेला आहे ना कीबोर्ड, तो नेटवर्कवरून दिसेनासा झाला की त्याच्याशी बोलण्यासाठी सिरियल कन्सोलला, म्हणजे तारांवरून अक्षरांत चालणाऱ्या थेट संभाषणाला, शरण जावे लागते. पायला आपल्या संगणकाच्या यूएसबी खाचेतल्या सिरियल अडॅप्टरशी जोडण्याचे काम फक्त तीन तारांचे आहे, असे जाणकार सांगतात. ग्राउंडला ग्राउंड, आणि उरलेल्या दोन तारा उलटसुलट, म्हणजे अडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारा) पायच्या आरएक्सला (ऐकणाऱ्याला) आणि पायचा टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला. चौथी लाल तार पाच व्होल्टची असते. पायला स्वतःचा वीजपुरवठा असेल तर तिला मोकळी सोडावी, आणि ३.३ व्होल्टच्या पिनांच्या आसपासही फिरकू देऊ नये.

पुढचा अंक विंडोजचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरला एक कॉम, म्हणजे सिरियल पोर्टचा, क्रमांक मिळतो. मात्र तोच अडॅप्टर शेजारच्या यूएसबी खाचेत खोचला तर बऱ्याचदा नवाच क्रमांक मिळतो, जणू भाडेकरूने खोली बदलली की त्याने आडनावही बदलावे. मग पुटी हे टर्मिनल सॉफ्टवेअर उघडायचे, त्यातला मूळचा ९६०० हा वेग खोडून ११५२०० लिहायचा, फ्लो कंट्रोल बंद करायचा आणि ‘ओपन’ दाबायचे.

काळी खिडकी उघडते आणि गप्प बसते. माझी खरी तक्रार या गप्प बसण्याबद्दल आहे. तारा उलट लागल्या असोत, भलताच कॉम निवडलेला असो, किंवा पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी, म्हणजे सिरियल संभाषण सांभाळणारा भाग, चालूच केलेला नसो, तिचे उत्तर एकच. वेग चुकला तर निदान चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा कचरा तरी येतो, आणि तो पाहून मला जो आनंद होतो तो सुवाच्य मजकुरानेही होत नाही, कारण पलीकडे कोणीतरी जिवंत असल्याचा तो पुरावा असतो. सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे सगळे बिनचूक असूनही येणारा काळोख: लॉगिनची ओळ यंत्राने आपण खिडकी उघडण्यापूर्वीच पाठवून दिलेली असते, सिरियल कन्सोल मागचे बोलणे पुन्हा ऐकवत नाही, आणि एंटर दाबा असे सुचवण्याचे सौजन्य कोणीच दाखवत नाही.

एंटर दाबल्यावर अखेर यंत्र बोलले, आणि त्याने माझे नाव विचारले. एप्रिल २०२२ पूर्वीच्या प्रणालीत ‘पाय’ नावाचे खाते आयतेच मिळत असे. आता खात्याचे नाव प्रणालीचे मेमरी कार्ड तयार करणाऱ्याने ठरवायचे असते. आमचे कार्ड भाच्याने तयार केलेले असल्यामुळे मी त्याला फोन लावला. सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, “नावाचं राहू दे मामा, आधी बंद करून चालू करून बघितलंस का?”